लांबची लेन्स घेताना



मोठ्या नातवाच्या बार मिट्सवाचे आमच्याकडे चौऱ्याहत्तर फोटो आहेत. त्यांतला एकही चौकटीत घालून भिंतीवर लावण्यासारखा नाही. विधी कोतेलपाशी, गुरुवारी सकाळी होता. शब्बाथला तेथे फोटो काढता येत नाहीत, म्हणून सोमवार किंवा गुरुवार धरतात हे आपणांस ठाऊक आहेच. आम्हा उभयतांपैकी एक तल्लीथ पांघरून नातवाशेजारी टेबलापाशी, आणि दुसरी मखित्सेच्या अलीकडे प्लॅस्टिकच्या खुर्चीवर उभी. हातात कॅमेरा, कॅमेऱ्याला नवी कोरी ७० ते ३०० मिलिमीटरची लेन्स. दुकानदाराने 'सगळ्यांत लांबचे दिसेल' असे सांगितले आणि आम्ही तो आकडा पाहून भुललो. घरी येऊन फोटो संगणकावर मोठे केले तर नातवाला चार डोळे आणि सेफेर तोराच्या चांदीच्या घुंगरांना शेपट्या!

धाकट्याचा बार मिट्सवा येत्या हेशवानात आहे. तेव्हा मधल्या काळात आम्ही या विषयाचा अभ्यास केला. शाळामास्तरांची खोड, दुसरे काय. समाजात अनेकांना मुलांनी कॅमेरे भेट दिले आहेत आणि 'लांबची लेन्स कोणती घ्यावी' असे लोक विचारतात, म्हणून हे लिहीत आहोत.

हिब्रूत लेन्सला अदाशा म्हणतात, म्हणजे आपला मसूर. लॅटिनमध्येही 'लेन्स' म्हणजे मसूरच. मधोमध फुगीर, कडेला पातळ, त्या आकारावरून नाव पडले. एसावने ज्या आमटीसाठी ज्येष्ठत्व विकले तीही अदाशीमची. आम्हीही एका अदाशासाठी फसलो, असे घरात म्हणतात.

आता आकड्यांकडे वळू. लेन्सवर ५५-२५० किंवा ७०-३०० असे लिहिलेले असते. पहिला आकडा कमीत कमी, दुसरा जास्तीत जास्त. आकडा मोठा तितके दृश्य जवळ येते, पण चौकटीत मावते तितके कमी. किती कमी, याचा एक शाळेतला हिशेब आम्ही बसवला आहे. बहुतेक घरगुती कॅमेऱ्यांत सेन्सर लहान असतो, साधारण २२ ते २४ मिलिमीटर रुंद. अशा कॅमेऱ्यावर ३०० ला चौकटीची रुंदी म्हणजे अंतर भागिले १३. २५० ला भागिले ११, २०० ला भागिले ९. कोतेलला आमची खुर्ची टेबलापासून सुमारे १२ मीटरवर होती. ३०० ला चौकटीत ९२ सेंटिमीटर रुंदी येते, २५० ला १०९. फरक १७ सेंटिमीटरचा, म्हणजे वीतभरसुद्धा नाही. त्या वीतभरासाठी आम्ही जी लेन्स घेतली तिच्यात हात थरथरण्यावरचा उपाय नव्हता.

खरी गोष्ट इथे आहे. लांबच्या लेन्समध्ये चेहरा जसा मोठा होतो तशी आपल्या हाताची थरथरही मोठी होते. जुना नियम असा की, लहान सेन्सरच्या कॅमेऱ्यावर लेन्सचा आकडा दीडपट करावा आणि सेकंदाचा निदान तितकावा भाग शटरला द्यावा. ३०० साठी साधारण १/५०० सेकंद. आमचे फोटो १/६० ला निघाले होते. कोतेलची भिंत पश्चिमेकडे तोंड करून आहे, म्हणून सकाळी तिच्यासमोर सावली असते, त्यात हिवाळा. आम्ही बाहेर ऊन आहे या समजुतीत आयएसओ १०० वर ठेवला होता. ज्यांनी फिल्म वापरली आहे त्यांना १०० एएसए आणि ४०० एएसए यांतला फरक सांगायला नको, आयएसओ तेच. तो ८०० किंवा १६०० केला असता तर निम्मे फोटो वाचले असते. म्हणजे दोष सगळा लेन्सचा नाही, हे कबूल केले पाहिजे.

पण अर्धा दोष तिचाच. आजकाल लेन्समध्ये थरथर शोषून घेणारी योजना असते. आत एक लहान भिंग हाताच्या हालण्याच्या उलट दिशेला सरकते. कॅनन तिला आयएस म्हणते, निकॉन व्हीआर, सिग्मा ओएस, टॅमरॉन व्हीसी, सोनी ओएसएस. काही कॅमेऱ्यांत ही योजना कॅमेऱ्यातच, सेन्सरला जोडलेली असते, मग लेन्समध्ये नसली तरी चालते. नाव नीट वाचावे, कारण एकाच आकड्याच्या दोन लेन्स मिळतात. निकॉनची लहान सेन्सरसाठीची ७०-३०० एएफ-पी ही व्हीआरसह आहे आणि व्हीआरशिवायही. दिसायला जवळजवळ सारख्याच. सत्तरी ओलांडलेल्यांनी या योजनेशिवाय लांबची लेन्स फुकट मिळाली तरी घेऊ नये, असे आमचे स्पष्ट मत आहे.

मात्र ही योजना आपला हात सावरते, समोरच्याला नाही. मुलगा प्रार्थनेत डुलत असेल तर १/२५० च्या खाली जाऊ नये.

उजेडाचा आकडाही लेन्सवर असतो, एफ ४-५.६ किंवा एफ २.८ असा. आगफा क्लिक थ्री आठवत असेल. लेन्सपाशी ढग आणि सूर्य अशी दोन चित्रे होती, तेवढेच काय ते ठरवायचे. एफचा आकडा म्हणजे तेच, लेन्सचे दार किती उघडते. आकडा लहान तितका उजेड जास्त. २.८ मध्ये ५.६ च्या चौपट उजेड येतो. सिनेगॉगमधल्या दिव्यांत किंवा लग्नाच्या हॉलमध्ये हा फरक फार मोठा. दुकानदार ७०-२०० एफ २.८ काढून दाखवतील. उत्तम लेन्स, यात वाद नाही. पण कॅननची तशी ईएफ लेन्स एकटीच दीड किलोच्या आसपास भरते, वर कॅमेरा. बाजारातून दीड किलो बटाटे आणताना पिशवी हातात लोंबते. इथे ते वजन डोळ्यांसमोर उचलून धरायचे आणि श्वास रोखायचा. पक्ष्यांसाठी लोक वापरतात ती सिग्माची १५०-६०० याहूनही जड, जवळजवळ दोन किलो.

याउलट कॅननची ५५-२५० आयएस एसटीएम ३७५ ग्रॅमची, निकॉनची वर सांगितलेली व्हीआर लेन्स ४१५ ग्रॅमची. आम्ही शेवटी ही ५५-२५० घेतली, तीही वापरलेली. वापरलेली घेताना दिव्यासमोर धरून आरपार पाहावे. आत कोळिष्टकासारखे धागे दिसले तर ती बुरशी. मुंबईच्या पावसाळ्यात आपण ती पाहिलेलीच आहे. अश्दोद किंवा हैफासारख्या समुद्राकाठच्या दमट गावांतही ती लागते. कपाटात ठेवताना औषधाच्या बाटलीत येतात तशा सिलिकाच्या पुड्या शेजारी टाकाव्यात.

जोड कोणती हे आधी पाहावे. कॅननच्या जुन्या कॅमेऱ्यांची ईएफ, नव्यांची आरएफ. निकॉनची जुनी एफ, नवी झेड. जुनी लेन्स नव्या कॅमेऱ्यावर जोडपट्टी लावून चालते, नवी जुन्यावर चालत नाही. निकॉनच्या काही जुन्या कॅमेऱ्यांवर एएफ-पी लेन्स आपोआप फोकस करत नाही. म्हणून दुकानात स्वतःचा कॅमेरा घेऊन जावे हे उत्तम. भाऊ किंवा भाची मुंबईहून स्वस्तात आणून देणार असेल तर हमी इथे चालेल का ते आधी विचारावे.

दुकानात गेल्यावर लेन्स लावून दोन मिनिटे डोळ्यांसमोर धरून उभे राहावे. दुकानदार बोलत राहील, त्याला बोलू द्यावे. झूमची कडी दुखऱ्या बोटांनी फिरते का? बाजूची बारीक बटणे चष्म्याशिवाय सापडतात का? कॅमेऱ्याच्या खिडकीशेजारी एक लहानसे चाक असते, ते डोळ्याच्या नंबरप्रमाणे फिरवायचे असते. आम्हाला ते तीन वर्षे माहीतच नव्हते.

गेल्या हिवाळ्यात सरावासाठी आम्ही मोआदोनच्या सहलीबरोबर हुला खोऱ्यात गेलो. वर्षातून दोनदा या देशावरून कोट्यवधी पक्षी जातात, आणि हुलाच्या पाणथळीत हजारो क्रौंच हिवाळा काढतात. ट्रॅक्टरला जोडलेल्या गाडीतून त्यांच्या अगदी जवळ नेतात. क्रौंच माणसाच्या छातीइतका उंच असतो. ५० मीटरवरून २५० ला चौकट साडेचार मीटर रुंद, म्हणजे एक पक्षी नाही, पण चार-पाच जणांचा कुटुंबमेळा छान मावतो. गाडीच्या कठड्यावर आम्ही किलोभर तांदळाची पिशवी ठेवली आणि लेन्स तिच्यावर टेकवली. तिवईचे काम तांदळाने केले, संध्याकाळी त्याच तांदळाचा भात झाला. एकच सांगतो, सकाळी लवकर जावे. ऊन चढले की जमिनीवरची हवा लहरते, आणि मग कितीही महागाची लेन्स असली तरी लांबचा पक्षी पाण्यात बुडाल्यासारखा दिसतो. शराव वाहत असेल त्या दिवशी बाहेर लेन्स बदलूच नये, धूळ थेट सेन्सरवर बसते.

बागेतल्या चिमुकल्या पक्ष्यांची हौस असेल त्यांना २५० पुरणार नाही. त्यांनी लेन्स न बदलता येणारा, मोठ्या झूमचा एकसंध कॅमेरा पाहावा. उजेडात तो छान चालतो, अंधारात नाही. आणि मलिद्याच्या ताटाचा फोटो काढायला कोणतीच लांबची लेन्स लागत नाही, त्याला फोन पुरतो.

हेशवानातल्या त्या गुरुवारसाठी आमचे ठरले आहे. आयएसओ १६००, शटर १/२५०, डावा तळवा लेन्सखाली, कोपरे बरगड्यांना टेकलेली. मखित्सेजवळची खुर्ची मिळावी म्हणून पहाटेच निघायचे, आणि खुर्ची घट्ट धरायला सूनबाईला सांगून ठेवले आहे. तोवर ज्यांना ही लेन्स हातात धरून पाहायची असेल त्यांनी आपला कॅमेरा घेऊन बुधवारी मोआदोनमध्ये यावे. कॅमेरा कॅननचा असेल तर लावूनही देऊ.