जबडा भलतीकडे फाटतो तेव्हा

खालचा जबडा पुढे-मागे सरकवण्यासाठी सर्जन दाढांच्या मागचं हाड उभं चिरून आतला आणि बाहेरचा थर सुटा करतात. ट्राउनर आणि ओब्वेगेसर यांनी १९५७ मध्ये मांडलेली ही पद्धत. ओंडका चिरताना गाठ आली की फळी भलतीकडे फाटते. इथे रुतलेली अक्कलदाढ ती गाठ ठरू शकते. म्हणून बरेच सर्जन ती सहा महिने आधीच काढून घेतात. अभ्यासांचं मात्र यावर एकमत नाही! हाड पातळ असणं किंवा खालच्या कडेचा काप अर्धवट राहणं, हे मला जास्त पटणारे धोके. शस्त्रक्रियेनंतर टायटॅनियमच्या पट्ट्या आणि स्क्रू हाड धरून ठेवतात, पण चावण्याचा पूर्ण जोर त्यांना झेपत नाही. त्यामुळे साधारण सहा आठवडे मऊ भात, खिमट; चकली नाही.