हलवा कॅमेरा, बिनधास्त!

फोटो काढताना मोठी माणसं एकच मंत्र जपत असतात. "हात स्थिर ठेव, श्वास रोखून धर, हलला की गेला फोटो!" आज हा मंत्र आपण गुंडाळून ठेवू. आज कॅमेरा मुद्दाम हलवायचा, तोही फोटो निघत असताना. जगभर कितीतरी छायाचित्रकार हा उद्योग करतात. त्याला ते 'इंटेन्शनल कॅमेरा मूव्हमेंट' म्हणतात. नाव भारदस्त आहे, पण काम निव्वळ खट्याळपणाचं.

आधी कॅमेऱ्याच्या पोटात डोकावू. फोनच्या भिंगामागे तुमच्या नखाहूनही लहान असा एक सेन्सर असतो. बटण दाबलं की तो ठरावीक वेळ प्रकाश गोळा करतो आणि थांबतो. हा वेळ म्हणजे शटर स्पीड. भर दुपारी फोन हा वेळ सेकंदाच्या हजाराव्या भागाइतकाही छोटा ठेवतो. एवढ्याशा वेळात तुमचा हात हलून हलून किती हलणार? म्हणून फोटो लख्ख येतो. पण हाच वेळ पाव सेकंद केला आणि तेवढ्यात फोन सरकवला, तर समोरचं झाड, खांब, दिवा, सगळं सेन्सरवरून घसरत जातं आणि वाटभर आपापला रंग सांडत जातं. म्हणजे हललेला फोटो बिघडलेला नसतो. पाव सेकंदात जे जे घडलं, ते सगळं त्यानं एकावर एक नोंदवलेलं असतं.

ही नोंद कशी गंमत करते, ते फार जुन्या फोटोतही दिसतं. १८३८ साली पॅरिसमध्ये आद्य छायाचित्रकार लुई दागेर यांनी आपल्या खिडकीतून खालच्या रस्त्याचा फोटो घेतला. रस्ता वर्दळीचा होता, घोडागाड्या जात होत्या, माणसं चालत होती. फोटोत मात्र रस्ता ओस! कारण तेव्हा एका फोटोला काही मिनिटं लागायची. जो चालत राहिला त्याचा प्रकाश एका जागी साठलाच नाही, आणि तो गायब झाला. दिसतो तो मुख्यतः एक माणूस. तो बुटांना पॉलिश करून घेत एका जागी उभा होता, म्हणून फोटोत आला. तिथे कॅमेरा स्थिर होता आणि जग हलत होतं. आपण उलटं करू.

फोनच्या कॅमेऱ्यात 'प्रो' मोड शोधा. शटर १/४ सेकंदावर न्या, आयएसओ, म्हणजे प्रकाशाबाबतची संवेदनशीलता, सर्वात कमी करा. भर उन्हात हा प्रयोग करू नका, फोटो पांढराफटक येईल, कारण पाव सेकंदात ऊन बदाबदा आत शिरतं. सकाळी लवकर, तिन्हीसांजेला किंवा आभाळ भरून आलेलं असताना करा. काही फोन जरा जास्तच शहाणे असतात. हात थरथरला की आतलं भिंग सावरून घेतात. त्यांना न जुमानता जोरात हलवा.

कोकणच्या किनाऱ्यावर सुरूची बनं असतात ना, सरळसोट झाडांची? तिथे बटण दाबता दाबता फोन वरून खाली ओढा. खोडांचे उभे पट्टे होतात, पानांचा हिरवा धूर होतो, पण बन ओळखू येतं. आता तोच फोन आडवा ओढा. खोडं पार पुसली जातात, उरतो नुसता मातकट-हिरवा चिखल. असं का? चित्रकलेच्या कागदावर ओल्या रंगाची उभी रेघ काढा आणि तिच्यावरून बोट उभं फिरवा. रेघ लांबते, पण रेघच राहते. बोट आडवं फिरवलं की फराटा. कॅमेऱ्याचंही तसंच. रेघेच्या दिशेनं हललं तर रेघ टिकते, आडवं हललं तर मरते. मग समुद्र आणि क्षितिजासाठी फोन कुठल्या दिशेनं न्यायचा, ते तुमचं तुम्हीच ओळखा.

या खेळातला एक उस्ताद म्हणजे अर्न्स्ट हास. जन्म व्हिएन्नाचा, १९२१चा. १९५६ साली त्यांनी स्पेनमध्ये बैलांच्या झुंजीचे रंगीत फोटो मुद्दाम मंद शटरनं काढले. माणूस आणि बैल, दोघांच्या जागी रंगांचे झोत उरले. चेहरा कुणाचाच ओळखू येत नाही, पण धावण्याचा वेग डोळ्यांवर आदळतो. खेळ क्रूरच, मला तो मुळीच आवडत नाही. तरी हे फोटो बघताना मान आपोआप बैलाबरोबर वळते, हे कबूल करायला हवं. १९५७ साली ते अमेरिकेच्या 'लाइफ' साप्ताहिकात छापून आले.

आता माझा लाडका प्रयोग. त्याला समुद्र नको, झाडं नकोत, घरातला विजेचा बोर्ड पुरे. बोर्डावर एक इवलासा लाल इंडिकेटर असतो. बोर्डाला हात लावायचा नाही, उघडायचा तर मुळीच नाही, नुसतं लांबून बघायचं. रात्री खोलीतले दिवे घालवा. शटर १/१० सेकंदावर ठेवा, बटण दाबा आणि फोन झपकन आडवा फिरवा. जमेपर्यंत पुन्हा पुन्हा करा. फोटोत लाल रेघ यायला हवी, पण बऱ्याचदा येतात तुटक तुटक ठिपके. मोजा पाहू. साधारण दहा!

डोळ्यांना तर तो दिवा एकसारखा पेटलेला दिसतो. पण आपल्या घरातली वीज सेकंदाला ५० वेळा हेलकावे घेते. प्रत्येक हेलकाव्यात एकदा इकडे, एकदा तिकडे. निऑनचा इंडिकेटर दोन्ही वेळा उजळतो, म्हणजे सेकंदाला १०० वेळा पेटतो आणि विझतो. डोळ्यांना हे कळत नाही, पण हलणारा कॅमेरा प्रत्येक लुकलुक वेगळ्या जागी ठेवत जातो. सेकंदाचा दहावा भाग, म्हणून दहा ठिपके. शटर १/२० केलं तर किती येतील? नवीन बोर्डात निऑनऐवजी एलईडी असेल, तर तो बहुधा एकाच बाजूच्या हेलकाव्याला उजळतो आणि ठिपके निम्मे भरतात. म्हणजे बोर्ड न उघडता आतला दिवा कुठला, हे तुम्ही ओळखू शकता.

मग सेलवर चालणाऱ्या साध्या टॉर्चचा फोटो असाच हलवून काढला, तर सलग रेघ येईल की ठिपके? आधी अंदाज वहीत लिहा, मगच बटण दाबा. आणि फोन फिरवताना दोरी मनगटात अडकवा, नाहीतर घरच्यांचा फोन सेन्सरसकट जमिनीवर पडेल आणि बोलणी खावी लागतील.