अली की टायसन? आणि ‘मेंटली टफ’ म्हणजे नक्की काय?

हॉस्टेलवर काही वाद कधीच निकाली निघत नाहीत. सचिन की लारा, मेसच्या वाटीत डाळ आहे की पिवळं पाणी, आणि रात्री एकनंतर हमखास निघणारा हा तिसरा वाद: ऐन भरातला मुहम्मद अली आणि ऐन भरातला माईक टायसन एकाच रिंगमध्ये उतरले असते, तर जिंकलं कोण असतं?

टायसनवाले जून १९८८ चा दाखला देतात. त्याने मायकेल स्पिंक्सला फक्त ९१ सेकंदांत झोपवलं होतं. अलीवाले म्हणतात, टायसनचा हात अलीपर्यंत पोचलाच नसता. मग कोणीतरी ब्रह्मास्त्र काढतो: “अरे, टायसन मेंटली वीक होता यार. अली टफ. विषय संपला!” सगळे गप्प. पण मित्रांनो, विषय खरा तर इथेच सुरू होतो.

आधी जे मोजता येतं ते मोजून घेऊ. अलीची उंची ६ फूट ३ इंच, टायसनची ५ फूट १० इंच. दोन्ही हात पसरल्यावरचा पल्ला, म्हणजे ‘रीच’, अलीचा ७८ इंच आणि टायसनचा ७१. वजनात मात्र फारसा फरक नाही. १९६६ चा अली साधारण २१२ पौंडांचा, १९८८ चा टायसन २१८ चा. म्हणजे टायसनला जिंकायचं तर आत घुसावंच लागणार. त्यात तो उस्तादच होता! डोकं डावी-उजवीकडे हलवत, खाली वाकत जवळ शिरायचं आणि हूक हाणायचा. आणि डावा हूक ही अलीची जुनी डोकेदुखी. १९६३ मध्ये लंडनला हेन्री कूपरने आणि १९७१ मध्ये न्यूयॉर्कला जो फ्रेझरने त्याला याच ठोशाने खाली पाडलं होतं. तेव्हा पहिले चार राऊंड तरी अलीवाल्यांनी जपून बोलावं.

आता आपण पडलो इंजिनिअर. मनात येणारच, की प्रोग्रॅम लिहून निकाल काढू. तेही करून झालंय! १९६९ मध्ये अली आणि निवृत्त अजिंक्यवीर रॉकी मार्सियानो यांच्याकडून कॅमेऱ्यासमोर छोटे छोटे राऊंड करून घेतले, दोघांची माहिती एनसीआर ३१५ या कॉम्प्युटरला दिली आणि जानेवारी १९७० मध्ये ही ‘लढत’ थिएटरात दाखवली. अमेरिकेत मार्सियानो १३ व्या राऊंडला नॉकआऊटने जिंकला. युरोपात दाखवलेल्या प्रतीत मात्र अली जिंकला! इनपुट आपल्याला हवं तसं दिलं की आउटपुटही हवं तसं मिळतं, हे आपल्याला प्रॅक्टिकलची रीडिंग्ज लिहिताना कळतंच. पण उंची-वजनाचे आकडे निदान खरे असतात. ‘मानसिक कणखरपणा’ या रकान्यात आकडा कुठला भरणार?

टोकियोची लढत बघा. ११ फेब्रुवारी १९९०. टायसन ३७ लढती खेळून अपराजित, समोर बस्टर डग्लस. डग्लसचा भाव ४२ ला १, म्हणजे त्याच्यावर पैसे लावणारा वेडाच. त्यात लढतीच्या तीनच आठवडे आधी त्याची आई वारली होती. आठव्या राऊंडच्या शेवटी टायसनने त्याला खाली पाडलं, तरी तो उठला आणि दहाव्या राऊंडला त्याने टायसनला नॉकआऊट केलं. टायसन चार पायांवर रांगत तोंडातून पडलेला माऊथगार्ड चाचपडतोय, हे दृश्य ज्याने पाहिलंय तो विसरणार नाही.

इथूनच ‘मेंटली वीक’ हा शिक्का आला. पण जरा थांबा. ज्याने हार मानली तो रांगत माऊथगार्ड कशाला शोधेल? तो उठायलाच बघत होता. आणि टायसन लांब लढतीत ढेपाळतो हेही खरं नाही. १९८७ मध्येच बोनक्रशर स्मिथ आणि टोनी टकर यांच्याशी तो पूर्ण १२ राऊंड खेळला आणि दोन्ही लढती जिंकला.

मग बिघडलं काय? टायसनला घडवणारे कस दमाटो १९८५ मध्ये वारले. त्यांच्याच तालमीतला प्रशिक्षक केविन रूनी याला टायसनने १९८८ च्या अखेरीस काढलं. टोकियोत त्याच्या कॉर्नरला, म्हणजे राऊंडमधल्या एका मिनिटात पाणी देणाऱ्या, जखम बघणाऱ्या, काय चुकतंय ते सांगणाऱ्या माणसांकडे, सूज दाबायचं साधं धातूचं साधनही नव्हतं. बर्फाचं पाणी भरलेला रबरी हातमोजा त्याच्या डोळ्यावर धरला होता! आधीच्या लढती टायसनने पहिल्या योजनेवरच जिंकल्या होत्या. ती फसल्यावर दुसरी सांगणारं कोणी नव्हतं.

आता डग्लसचं बघा. टोकियोत तो पोलादी मनाचा ठरला ना? साडेआठ महिन्यांनी, ऑक्टोबर १९९० मध्ये, तोच डग्लस १४-१५ पौंड जास्त वजन घेऊन रिंगमध्ये आला आणि इव्हँडर होलीफिल्डच्या ठोशाने तिसऱ्याच राऊंडला संपला. माणूस तोच. कणखरपणा गेला कुठे?

आणि अली? फेब्रुवारी १९६४, मायामी. तेव्हा तो कॅशियस क्ले होता, समोर सनी लिस्टन. चौथ्या राऊंडच्या शेवटी त्याच्या डोळ्यांत काहीतरी गेलं, डोळे जळायला लागले, दिसेना. तो कॉर्नरला येऊन ग्लोव्हज कापा म्हणू लागला. होय, सगळ्यांत टफ समजला जाणारा माणूस लढत सोडायला निघाला होता! अँजेलो डंडीने त्याचे डोळे धुतले आणि त्याला अक्षरशः ढकलून परत पाठवलं. पाचवा राऊंड त्याने नुसतं लांब पळून काढला. सातव्याला लिस्टनच स्टुलावरून उठला नाही.

दहा वर्षांनी, ३० ऑक्टोबर १९७४ ला किन्शासात त्याच्यासमोर जॉर्ज फोरमन होता: वय २५, ४० लढती, ४० विजय. अली ३२ चा. नाचत खेळायचा त्याचा बेत होता, पण पहिल्याच राऊंडला लक्षात आलं की असं केलं तर आपणच आधी दमू. दुसऱ्या राऊंडपासून तो दोरांना टेकून उभा राहिला, फोरमनला मारू दिलं, आणि आठव्या राऊंडला दमलेल्या फोरमनला आडवं केलं. याला म्हणतात रिंगमध्ये डोकं चालवणं.

सेकंड इयरला मटेरियल्सच्या लॅबमध्ये एक गोष्ट शिकवतात: हार्डनेस वेगळा, टफनेस वेगळा. काच हार्ड असते, पण एका फटक्यात जाते. माइल्ड स्टील वाकतं, ताणलं जातं, पण तुटायच्या आधी भरपूर ऊर्जा शोषून घेतं. स्ट्रेस-स्ट्रेन कर्व्हखालचं क्षेत्रफळ म्हणजे टफनेस. आणि व्हायव्हाला हमखास विचारतात तो भाग: तेच स्टील फार थंड झालं की काचेसारखं तुटतं. म्हणजे टफनेस नुसता धातूचा गुण नाही, परिस्थितीचाही आहे. माणसाचंही तसंच. टोकियोत परिस्थिती टायसनच्या विरुद्ध होती. मायामीत अलीजवळ डंडी होता.

अजून एक. टफपणाची किंमतही असते. १ ऑक्टोबर १९७५ ला मनिलात १४ राऊंडनंतर फ्रेझरला पुढे खेळायचं होतं, पण डोळे सुजून बंद होत आलेले पाहून त्याचा प्रशिक्षक एडी फच याने लढत थांबवली. अली मात्र पुढे १९८१ पर्यंत खेळत, मार खात राहिला. १९८४ मध्ये त्याला पार्किन्सन्स असल्याचं निदान झालं. त्यात ठोशांचा वाटा किती यावर डॉक्टरांत वाद आहे, पण डोक्यावर वारंवार बसणारा मार मेंदूला घातक असतो यावर नाही. थांबवणारा माणूसही कॉर्नरला लागतो.

मग निकाल? माझं मत विचाराल तर १९६६ चा अली, दहाव्या-अकराव्या राऊंडच्या आसपास. पण ‘टायसन वीक होता’ म्हणून नव्हे. सात इंच जास्त रीच, चपळ पाय आणि कॉर्नरला डंडी, म्हणून. आणि टायसनच्या कॉर्नरला दमाटो बसले असतील, तर मी पैज लावणार नाही!

वाद चालू ठेवा, मजा त्यातच आहे. फक्त पुढच्या वेळी कोणावर ‘मेंटली वीक’चा शिक्का मारायचा झाला, मग तो टायसन असो की चार विषय राहिल्यामुळे दार लावून बसलेला शेजारच्या रूममधला, तर आधी एवढं बघा: त्याच्या कॉर्नरला कोण आहे? कोणीच नसेल, तर स्टूल घेऊन आपणच जाऊन बसावं. पाण्याची बाटली न्यायला विसरू नका.