उजनी ‘उणे’ झाली की जुन्या गावाची वाट उघडते

पुणे-सोलापूर महामार्गावरून मे महिन्यात धावणाऱ्या गाड्यांपैकी काही गाड्या भिगवण मागे टाकल्यावर पळसदेवच्या आसपास मुख्य रस्ता सोडतात आणि डावीकडे, जलाशयाच्या दिशेने वळतात. गाडीत बहुधा साठीच्या आगेमागे असलेली पाच-सहा माणसे असतात. कोणी पुण्या-मुंबईत नोकरी करून निवृत्त झालेला, कोणी सोलापूर जिल्ह्यात कालव्याकाठी शेती करणारा, तर कोणी लग्न होऊन दूर गेलेली माहेरवाशीण. एके काळी ही मंडळी एकाच शाळेत, एकाच पट्टीवर बसत होती. आता ती निघालेली असतात आपले गाव पाहायला. मात्र हे गाव दर वर्षी दिसत नाही. भीमेवरील उजनी धरणाचा साठा फारच खालावला, तरच ते पाण्याबाहेर येते.

बालपणीच्या जागा, जुने सवंगडी आणि पांगलेले नातलग यांच्या भेटीसाठी सहल काढण्याची प्रथा अलीकडे सर्वत्र रुजली आहे. शाळेच्या तुकडीचा स्नेहमेळावा, व्हॉट्सअ‍ॅपवरील गट, भाड्याची गाडी आणि दोन दिवसांचा बेत हे चित्र परिचित आहे. परंतु धरणाखाली गेलेल्या गावांच्या बाबतीत या प्रवासाचे गणित निराळे असते. इतरांना सोयीची तारीख ठरवता येते. येथे तारीख पाऊस ठरवतो. आणि ज्या वर्षी गाव दिसते, ते वर्ष त्या परिसरात राहिलेल्यांसाठी हमखास वाईट असते.

‘उणे’ म्हणजे काय?

उजनी धरणाचे काम १९६० च्या दशकात सुरू झाले आणि १९८० मध्ये ते पूर्ण झाले. सोलापूर जिल्ह्यातील या धरणाचा ‘यशवंतसागर’ जलाशय पुणे, सोलापूर आणि तेव्हाच्या अहमदनगर (आताच्या अहिल्यानगर) अशा तीन जिल्ह्यांत पसरला. इंदापूर, दौंड, करमाळा, माढा, कर्जत या तालुक्यांतील भीमाकाठच्या जमिनी आणि गावठाणे त्यात बुडाली.

या धरणाची एकूण साठवण क्षमता सुमारे ११७ टीएमसी, म्हणजे ११७ अब्ज घनफूट आहे. त्यापैकी सुमारे ५३.५ टीएमसी हा उपयुक्त साठा आणि उरलेला सुमारे ६३.५ टीएमसी हा मृत साठा. कालव्यातून गुरुत्वाने सोडता येते ते उपयुक्त पाणी. त्या पातळीखालचे ते मृत. इतर बहुतेक धरणांत मृत साठा एकूण पाण्याचा लहानसा भाग असतो, उजनीत मात्र तो निम्म्याहून अधिक आहे. त्यामुळे उपयुक्त साठा संपल्यावरही येथे भरपूर पाणी असते, ते नदीत सोडले जाते, पंपाने उपसले जाते आणि वर्तमानपत्रांत टक्केवारी ‘उणे’ छापून येऊ लागते. ही टक्केवारी उपयुक्त साठ्याच्या प्रमाणात काढतात. ‘उणे ६० टक्के’ याचा अर्थ धरण कोरडे पडले असा नसून, मृत साठ्यातून सुमारे ३२ टीएमसी पाणी गेले आणि तळाशी जवळपास तेवढेच उरले, असा असतो.

२०२३ च्या अपुऱ्या पावसामुळे धरण पूर्ण भरलेच नव्हते. पुढील जानेवारीतच साठा उणे झाला आणि २०२४ च्या जूनपर्यंत तो उणे ६० टक्क्यांच्या आसपास पोहोचला. पळसदेवचे पळसनाथाचे प्राचीन मंदिर त्या उन्हाळ्यात पायथ्यासह मोकळे झाले. एरवी वर्षानुवर्षे त्याचे केवळ शिखर पाण्यावर तरंगताना दिसते, किंवा तेही दिसत नाही.

माती विरघळते, दगड राहतो

पाण्याखाली चार दशके राहिलेल्या गावात काय उरते, हा प्रश्न पहिल्यांदाच जाणाऱ्यांना पडतो. भीमाकाठची घरे प्रामुख्याने पांढऱ्या मातीची, धाब्याची. (गावठाणाला ‘पांढरी’ आणि शेतीला ‘काळी’ म्हणण्याची जुनी रीत त्यातूनच आली.) पांढऱ्या मातीच्या भिंती पाण्यात विरघळल्या. तुळया, खांब, दारे, चौकटी तर लोकांनी उठतानाच सोडवून नव्या घरासाठी नेली होती. म्हणून जुन्या गावात छप्पर किंवा दार सापडत नाही. राहतो तो दगड: वाड्यांची जोती, पायऱ्या, उखळ, जाती, विहिरींची बांधीव कडी, बुरूज आणि देवळे.

त्यामुळे घर शोधण्याची पद्धत ठरून गेली आहे. आधी देऊळ, मग चावडी, मग देवळापासून आपल्या आळीपर्यंतची पावले. येथे एकट्याची आठवण पुरी पडत नाही. एकाला शाळेची पायरी आठवते, दुसऱ्याला पाणवठ्याची वाट. दोन्ही जोडल्यावर तिसऱ्याच्या घराचे जोते निश्चित होते. वर्गमित्रांनी एकत्र जाण्याचे खरे कारण हे आहे. गावाचा नकाशा कागदावर कमी आणि या माणसांत वाटून अधिक उरला आहे, आणि ती माणसे आता साठी ओलांडत आहेत. गाव उठताना जे दहा-बारा वर्षांचे होते, तेच त्या गावात शाळा शिकल्याचे सांगू शकणारे शेवटचे लोक होत.

कागद अगदीच नाही असे नव्हे. तालुक्याच्या भूमी अभिलेख कार्यालयात जुने गाव नकाशे असतात. भूसंपादनाच्या निवाड्यात कोणाची किती जमीन गेली याबरोबर घर, विहीर आणि झाडे यांचेही मूल्यांकन नोंदलेले असते. अंगणातील चिंचेची किंवा बांधावरच्या आंब्याची सरकारी नोंद हाती पडल्यावर जुना माणूस मोबदल्याच्या आकड्यापेक्षा त्या झाडापाशीच अधिक थांबतो, यात नवल नाही.

वर्ग कोठे कोठे पांगला?

गाव बुडाले तेव्हा ते सरसकट एका जागी हलले नाही. काही कुटुंबे जलाशयाच्या काठावर, थोड्या उंचीवर नव्या गावठाणात गेली. जुन्याच नावाची नवी गावे त्यातून उभी राहिली. आजचे महामार्गालगतचे पळसदेव हे त्यातलेच. काही कुटुंबांना धरणाच्या लाभक्षेत्रात पर्यायी जमिनी मिळाल्या आणि ती दूर गेली. प्रकल्पबाधितांच्या पुनर्वसनाचा राज्याचा कायदा १९७६ मध्ये आला, पुढे १९८६ आणि १९९९ मध्ये त्याची जागा नव्या कायद्यांनी घेतली; उजनीचे विस्थापन पहिल्या कायद्याच्या आगेमागे घडले. ज्यांना काहीच साधले नाही, त्यांनी पुण्या-मुंबईची वाट धरली. एकाच बाकावरचे तिघे असे तीन दिशांना गेले.

त्यांना शोधण्याचे सर्वांत भरवशाचे साधन म्हणजे शाळेचे जनरल रजिस्टर. त्यात विद्यार्थ्याचे पूर्ण नाव, जन्मतारीख, जन्मस्थळ, शाळा सोडल्याचा दिनांक आणि कारण नोंदलेले असते. जुनी शाळा नव्या गावात हलली असेल तर दप्तरही सहसा तिच्याबरोबर गेलेले असते. मुलांचा माग त्यातून लागतो. मुलींचा लागणे कठीण. लग्नानंतर नाव आणि आडनाव दोन्ही बदललेल्या वर्गमैत्रिणीपर्यंत पोहोचायचे तर तिच्या भावाचे किंवा मामाचे घर गाठावे लागते. वर्गमित्रांच्या शोधात निघालेली गाडी म्हणूनच वाटेत अनेक नातलगांच्या ओसरीवर थांबते. ज्या स्त्रियांचे माहेरच पाण्याखाली आहे, त्यांच्यासाठी हा प्रवास आणखी वेगळा असतो. माहेरची माणसे नव्या घरी भेटतात, पण ज्या उंबऱ्यावरून पाठवणी झाली तो उंबरा कोठेच नसतो.

एका नदीचे दोन काठ

धरणापूर्वी भीमा ही इंदापूर आणि करमाळा तालुक्यांच्या मधली नदी होती. उन्हाळ्यात ती उतरून जाता येई. सोयरिकी, बाजार, जत्रा दोन्ही काठांच्या मिळून होत. जलाशय झाल्यावर त्याच जागी काही ठिकाणी किलोमीटरच्या मापात मोजावे असे पाणी आले. समोर दिसणाऱ्या गावाला रस्त्याने जायचे तर मोठा वळसा पडतो. त्यामुळे लोक आजही बोटीने ये-जा करतात.

ही ये-जा किती धोक्याची आहे, हे २१ मे २०२४ रोजी दिसले. करमाळा तालुक्यातील कुगावहून इंदापूर तालुक्यातील कळाशीकडे निघालेली प्रवासी बोट वादळी वाऱ्यात उलटली आणि सहा जणांचा मृत्यू झाला. त्यानंतर कुगाव व शिरसोडी यांना जोडणाऱ्या पुलाची मागणी ऐरणीवर आली आणि शासनाने पुलाचे काम हाती घेतले. दोन काठांवरचे वर्गमित्र गाठायचे असतील तर वेळ लागला तरी रस्त्याचाच मार्ग धरणे शहाणपणाचे. पुण्याहून सुमारे शंभर किलोमीटरवर भिगवण, पुढे इंदापूर, टेंभुर्णी आणि तेथून करमाळ्याच्या बाजूला, असा फेरा एका दिवसात आवरत नाही. एक मुक्काम धरावाच लागतो. डिकसळजवळचा ब्रिटिशकालीन पूल मूळचा रेल्वेचा. धरणामुळे लोहमार्ग हलला आणि पूल वाहनांच्या वाट्याला आला. अलीकडे त्याचा काही भाग ढासळला होता, तेव्हा त्या वाटेने निघण्यापूर्वी स्थानिकांकडे चौकशी करावी.

जुन्या गावठाणात उतरतानाही सावधगिरी हवी. वरून तडकलेला, वाळलेला दिसणारा गाळ खाली ओला असतो आणि पाय मांडीपर्यंत रुततो. कठडा ढासळलेल्या विहिरी गाळाने झाकलेल्या असतात. सोबत त्या काठावरचा माणूस असल्याशिवाय कोणी पुढे जाऊ नये.

पाहुणे आणि यजमान

हा काठावरचा माणूस बहुधा वर्गमित्रच असतो आणि त्याची त्या दिवसांतली धावपळ पाहुण्यांच्या ध्यानात येतेच असे नाही. जलाशयाच्या काठच्या शेतीचा भरवसा उपसा सिंचनावर असतो. पाणी मागे सरकले की विद्युतपंप, केबल आणि पाइप त्याच्या मागे न्यावे लागतात. तेही पुरेनासे झाले की गाळातून चर खोदून पाणी पंपापर्यंत ओढावे लागते. उभा ऊस वाचवण्यासाठी हा खर्च हंगामात अनेकदा करावा लागतो. मासेमारी करणाऱ्यांचे उत्पन्नही याच दिवसांत आटते. ज्या उतारावर पाहुणा शाळेची पायरी शोधत असतो, तेथूनच यजमानाची पाइपलाइन गेलेली असते. एकाला जे पाणी आणखी थोडे उतरले तर हवे असते, ते दुसऱ्याला कालच वाढायला हवे होते. दोघेही एकाच गावचे, एकाच पाण्याने उठवलेले. शिवाय हेच पाणी खालच्या भागातील शेतीला आणि सोलापूर शहराला लागते, त्यामुळे ते किती आणि केव्हा सोडायचे यावर दर उन्हाळ्यात वाद होतो तो वेगळाच.

जूनअखेर या प्रवासाचा हंगाम संपतो. उजनी स्वतःच्या परिसरातील पावसाने क्वचितच भरते. तिचे पाणी येते पुणे जिल्ह्याच्या घाटमाथ्यावरून, वरच्या धरणांतून. म्हणून त्या दिवसांत काठावरचे लोक आकाशापेक्षा दौंडच्या विसर्गाचा आकडा पाहतात. २०२४ मध्ये जूनमध्ये तळ गाठलेले धरण ऑगस्टमध्ये भरलेही. दौंडचा विसर्ग वाढल्याची बातमी आली की खाली नेलेले पंप रात्रीतून वर ओढण्याची घाई सुरू होते. चुकलेली मोटार गाळात जाते आणि दोनेक दिवसांत जोती, पायऱ्या आणि विहिरींची कडी पुन्हा दिसेनाशी होतात.