चालू दुकानात यादीला नवा रकाना

एरंडोलसारख्या गावातही आता कापडाचे बिल संगणकावर निघते. धंदा वाढतो तशा नोंदी वाढतात. गिऱ्हाईकाच्या नावापुढे पूर्वी फक्त गाव असे. मग जीएसटी क्रमांक आला, मोबाईल आला, मालापुढे एचएसएन कोड आला. अशा वेळी संगणकवाला म्हणतो, "शेठ, दोन दिवस काम बंद ठेवा, सगळी यादी नव्याने बनवतो." ईदच्या तोंडावर दोन दिवस बिल बंद म्हणजे काय, हे व्यापारी बंधूंना सांगायला नको. पण बंद ठेवण्याची गरज बहुतेक वेळा नसतेच.

मोठ्या कंपन्या, विद्यापीठे आपल्या माणसांची यादी एलडॅप नावाच्या पद्धतीने ठेवतात. हजारो लोक त्या यादीवरून संगणकात प्रवेश करतात, म्हणून ती बंद ठेवणे परवडत नाही. कोणत्या नोंदीत कोणते रकाने असावेत याचा जो आराखडा असतो त्याला स्कीमा म्हणतात. नवे काम आले की मूळ आराखड्याला हात लावायचा नाही, त्याला जोडपत्र लावायचे, हा तिथला रिवाज. जुने प्रोग्राम आपल्या ओळखीचे रकाने तेवढे मागतात आणि तेवढेच त्यांना मिळतात. शेजारी नवा रकाना आला याची त्यांना खबरही नसते.

मात्र नवा रकाना आधी ऐच्छिक ठेवावा लागतो. पहिल्याच दिवशी सक्तीचा केला, तर जुना प्रोग्राम तो रकाना न भरता नोंद पाठवतो आणि यादी ती नोंद परत करते. काम अडते ते इथे. शिवाय प्रत्येक रकान्याला जगात दुसऱ्या कोणाचा नसेल असा क्रमांक असतो. एकदा दिलेला क्रमांक पुन्हा दुसऱ्या अर्थाने वापरायचा नाही.

आपल्या जीएसटीत हेच दिसते. पंधरा अक्षरांच्या क्रमांकात पहिले दोन राज्याचे, महाराष्ट्राचे २७. पुढचे दहा म्हणजे आपला जुना पॅन, जसाच्या तसा. तेरावे अक्षर त्याच पॅनवर राज्यातली कितवी नोंदणी ते सांगते, शेवटचे तपासणीचे. चौदाव्या जागी सर्वसाधारणपणे झेड असते. ती जागा पुढच्या गरजेसाठी मोकळी सोडलेली आहे. दूरचा विचार याला म्हणतात!

एचएसएनचेही तसेच. ५२ म्हणजे कापूस. ५२०८ म्हणजे ८५ टक्के किंवा जास्त कापूस असलेले, चौरस मीटरला २०० ग्रॅमपर्यंतचे विणलेले कापड. त्याहून जड असेल तर ५२०९. आणखी दोन अंक जोडले की ५२०८५२, म्हणजे साध्या विणीचे, १०० ग्रॅमहून जड, छापील. आधीचे चार अंक हलत नाहीत. सक्तीही एकदम आली नाही. २०१७ साली दीड कोटीपर्यंत उलाढाल असणाऱ्याला कोड माफ होता, पाच कोटीपर्यंत दोन अंक, त्यावर चार. १ एप्रिल २०२१ पासून पाच कोटीपर्यंत चार आणि त्यावर सहा अंक झाले. लहान दुकानदाराला नोंदणी नसलेल्या गिऱ्हाईकाच्या बिलावर मोकळीक राहिली.

तेव्हा दुकानात चार अंकांचे सहा करायचे असतील तर जुना रकाना पुसू नका, शेजारी नवा उघडा. काही संगणकवाले जागा वाचवायला जुन्याच रकान्यात नवा कोड टाकतात. मग मागच्या वर्षीचे बिल पुन्हा छापले तर त्यावर आजचा कोड येतो, आणि मूळ बिलाशी जुळत नाही. वार्षिक विवरणाच्या मुदतीपासून ७२ महिने हिशेब सांभाळणे कायद्याने बंधनकारक आहे, हे ध्यानात असू द्या.

क्रमही महत्त्वाचा. दुकान, गोदाम आणि मुनीमजींचे घर अशा तीन ठिकाणी संगणक असतील तर आधी तिन्हीकडे नवा रकाना उघडावा, मग भरायला घ्यावा. नाहीतर एकाने पाठवलेली नोंद दुसऱ्याला कळत नाही. त्याआधी सगळ्या यादीची नक्कल काढून तिच्यावर जुने आणि नवे असे दोन्ही प्रकारचे बिल काढून पाहावे. रोज पन्नास-साठ वस्तूंचे कोड भरले तरी हंगामाआधी काम उरकते. सगळे भरून झाल्यावरच संगणकवाल्याला तो रकाना सक्तीचा करायला सांगावे.