न्यूरल नेटवर्क : काय वाचावे, कोणाचे वाचावे?

मधुमेहामुळे डोळ्याच्या पडद्याला झालेली इजा संगणकाला छायाचित्रावरून ओळखता येते, हे गूगलच्या संशोधकांनी २०१६ साली दाखवून दिले. त्यासाठी सुमारे १ लाख २८ हजार छायाचित्रे वापरली गेली आणि त्यांतली काही भारतातल्या नेत्ररुग्णालयांतून आलेली होती. दोनच वर्षांनी अमेरिकेतल्या दुसऱ्या एका गटाने छातीच्या एक्स-रेवरून न्यूमोनिया ओळखणाऱ्या अशाच यंत्रणेची परीक्षा घेतली. ज्या रुग्णालयांच्या चित्रांवर ती शिकली तिथे ती चांगली चालली, बाहेरच्या चित्रांवर बऱ्याचदा घसरली. एक्स-रे कोणत्या रुग्णालयातला, हे तिला जवळजवळ बिनचूक कळत होते. एका रुग्णालयात न्यूमोनियाचे प्रमाण बरेच जास्त होते, त्यामुळे फुप्फुसाकडे नीट न पाहताही बरोबर उत्तराच्या जवळ जाणे तिला शक्य होते.

दोन्ही यंत्रणांच्या पोटात तंत्र एकच आहे, न्यूरल नेटवर्क. उद्या एखाद्या तपासणी केंद्रात याच तंत्राचा अहवाल हातात पडणार असेल, तर ते काय आहे हे समजून घ्यावेसे वाटणे साहजिक आहे. पण पुस्तकांच्या दुकानात त्यावर मिळते ते बहुधा भारावून लिहिलेले, नाहीतर घाबरवणारे. मधले वाचन शोधावे लागते. त्याची एक सोपी युक्ती आहे. या विषयात जवळपास प्रत्येक मोठ्या दाव्याला कोणीतरी तितक्याच ताकदीने लेखी उत्तर दिलेले आहे. दावा आणि उत्तर जोडीने वाचावे.

पहिली जोडी जुनी आहे. चेतापेशीचे सोपे गणिती रूप वॉरन मॅक्युलॉक आणि वॉल्टर पिट्स यांनी १९४३ मध्ये मांडले. पेशींमधल्या जोडण्या अनुभवाने पक्क्या होतात, ही कल्पना डोनाल्ड हेब यांनी १९४९ च्या पुस्तकात सांगितली. त्यावर फ्रँक रोझेनब्लाट यांनी १९५८ मध्ये ‘पर्सेप्ट्रॉन’ उभा केला. उदाहरणे पाहून हे यंत्र स्वतःच्या जोडण्यांचे वजन बदलत असे. चालणारे, बोलणारे, स्वतःची जाणीव असणारे यंत्र येणार, असे तेव्हाच वर्तमानपत्रांत छापून आले. आजच्या मथळ्यांशी ते ताडून पाहण्यासारखे आहे.

उत्तर १९६९ मध्ये आले. मार्विन मिन्स्की आणि सिमोर पेपर्ट यांच्या ‘पर्सेप्ट्रॉन्स’ या पुस्तकाने या यंत्राच्या मर्यादा गणिताने सिद्ध केल्या. त्यातला एक मुद्दा जिन्यातल्या दिव्यावरून कळतो. वर एक बटण, खाली एक. दोन्हींपैकी नेमके एक दाबलेले असेल तर दिवा लागतो, दोन्ही दाबले तर विझतो. एवढा साधा नियम एका थराच्या पर्सेप्ट्रॉनला शिकताच येत नाही. मध्ये आणखी एक थर घातला की जमते, हे माहीत होते. मात्र त्या थराला शिकवायचे कसे, याची चांगली रीत हाती नव्हती. अनेक थर घेऊनही फारसे काही निघणार नाही, असे लेखकांना वाटत होते. तो त्यांचा अंदाज होता, सिद्धता नव्हती. पुढे लोक हा फरक विसरले आणि सिद्धतेचा मान अंदाजालाही मिळाला. (मिन्स्की आणि रोझेनब्लाट न्यूयॉर्कमधल्या एकाच शाळेत शिकलेले.)

दुसरी जोडी सर्वसामान्य वाचकाला जास्त रंगतदार वाटेल, कारण ती मुलांच्या बोलण्याबद्दल आहे. १९८६ मध्ये डेव्हिड रुमेलहार्ट, जेम्स मॅक्लेलँड आणि सहकाऱ्यांचे दोन खंड निघाले. ज्ञान नियमांत नसून असंख्य जोडण्यांच्या वजनांत पसरलेले असते, या ‘कनेक्शनिझम’च्या विचाराचा हा मुख्य ग्रंथ. त्यात इंग्रजी क्रियापदांचे भूतकाळ शिकणारे एक जाळे होते. मराठी घरांतली लहान मुले ‘केलं’ऐवजी ‘करलं’ म्हणतात, तशाच चुका तेही करत असे. नियम न शिकवता नियम शिकल्यासारखे वागणारे यंत्र, असा दावा होता.

स्टीव्हन पिंकर आणि अॅलन प्रिन्स यांनी १९८८ मध्ये शंभराहून अधिक पानांचा निबंध लिहून त्याची चिरफाड केली. जाळ्याला आधी १० क्रियापदे दिली आणि मग एकदम ४१० आणखी. चुका उमटल्या त्या या उडीमुळे, आणि मुलांच्या कानांवर भाषा अशी पडत नाही, हा त्यांचा आक्षेप. शिवाय ‘मेल’ या क्रियापदाचा भूतकाळ जाळ्याने ‘मेंबल्ड’ असा दिला. असले काही कोणतेही मूल बोलत नाही. त्याच अंकात जेरी फोडर आणि झेनॉन पिलिशिन यांनी वेगळा प्रश्न विचारला. ‘मांजर उंदरामागे धावते’ हे ज्याला समजते, त्याला ‘उंदीर मांजरामागे धावतो’ हेही समजते. जाळ्यात ही खात्री कुठून येते? आजच्या भाषा-यंत्रांबद्दलचा वाद बराचसा याच प्रश्नाभोवती फिरतो. त्यामुळे हा निबंध अवघड असला तरी टाळू नये.

जीवशास्त्राच्या बाजूने फ्रान्सिस क्रिक यांचा १९८९ चा ‘नेचर’मधला छोटा लेख पुरे. चूक मोजून तिचा हिशेब उलटा मागे पाठवण्याची जी रीत जाळ्यांत चालते, ती मेंदूत चालत असावी असे दिसत नाही, असे त्यांनी तेव्हाच बजावले होते.

आता सुरुवात कुठून? गणिताची भीती असेल तर स्टॅनफर्डच्या तत्त्वज्ञानकोशातली ‘कनेक्शनिझम’ ही नोंद वाचावी. ती इंटरनेटवर फुकट आहे आणि दोन्ही बाजू मांडते. बारावीचे गणित आठवत असेल तर मायकल नील्सन यांचे मोफत पुस्तक घ्यावे, त्यात हाताने लिहिलेले आकडे ओळखणारे जाळे पायरीपायरीने बांधले आहे. त्यापुढे गुडफेलो, बेंजिओ आणि कूरविल यांचे २०१६ चे ‘डीप लर्निंग’. तेही इंटरनेटवर खुले आहे, पण जड आहे. व्याख्याने ऐकायची तर आयआयटी मद्रासचा अभ्यासक्रम एनपीटीईएलवर मिळतो. टीकेसाठी गॅरी मार्कस यांचे २००१ चे ‘द अल्जिब्रेइक माइंड’ आणि २०१८ चा त्यांचा खुला निबंध. न्यूमोनियाचा तो अभ्यासही ‘प्लॉस मेडिसिन’मध्ये कोणालाही वाचता येतो. त्याची भाषा वैद्यकीय आहे, पण रुग्णालयांची तुलना करणारा तक्ता डॉक्टर नसलेल्यालाही समजेल.