फ्रान्समधील खाण्याच्या जागा

जेवण मिळण्याच्या कोणत्याही मोठ्या ठिकाणाला आपण सहज 'रेस्टॉरंट' म्हणतो. हा शब्द मूळचा फ्रेंच आहे. फ्रान्समध्ये मात्र खाण्याच्या प्रत्येक जागेला रेस्टॉरंट म्हणत नाहीत. तेथे कॅफे, बुइयों, ब्रासेरी, बिस्त्रो अशी निरनिराळी नावे आहेत.

अडीचशे-तीनशे वर्षांपूर्वी पॅरिसमध्ये आलेल्या प्रवाशाला सराईत जेवावे लागे. ठरलेल्या वेळी सर्वांनी एकाच मोठ्या मेजाभोवती बसायचे आणि मालक देईल ते खायचे. भांड्याजवळ बसलेल्याला भरपूर मिळे, दूरच्याला थोडे. पैसे मात्र सर्वांना सारखेच!

१७६० नंतर काही दुकानांत अशक्त माणसांसाठी मांसाचे सार मिळू लागले. उर्दूत आपण अशा साराला यखनी म्हणतो. ते गेलेली शक्ती परत देते, म्हणून त्याला 'रेस्टॉरंट' म्हणत. पुढे हे नाव दुकानालाच पडले. येथे गिऱ्हाइकाला वेगळे मेज मिळे. पदार्थांची यादी किमतींसह समोर येई. त्यामुळे आपल्या खिशाला काय परवडेल, हे आधीच कळे. १७८९ साली राज्यक्रांती झाली. अनेक सरदार देश सोडून गेले. त्यांच्या काही आचाऱ्यांनी स्वतःची रेस्टॉरंटे काढली. वाड्यातले जेवण आता पैसे देणाऱ्या कोणालाही मिळू लागले.

पण मजुरांचे काय? त्यांच्यासाठी १८५५ च्या सुमारास ड्यूव्हाल नावाच्या खाटकाने 'बुइयों' सुरू केले. बुइयों म्हणजे सार. तेथे गरम सार आणि उकडलेले मांस स्वस्तात मिळे. पॅरिसमध्ये १८९६ साली सुरू झालेले 'बुइयों शार्तिये' आजही चालू आहे. तेथील वाढपी मेजावरच्या कागदावरच हिशेब लिहितो.

'कॅफे' हा शब्द अरबी 'कहवा' या शब्दावरून आला आहे. पॅरिसमधील 'प्रोकोप' हे प्रसिद्ध कॅफे १६८६ साली सुरू झाले. कॅफेत एक प्याला कॉफी घेऊन लोक वाचत किंवा गप्पा मारत बसतात.

'ब्रासेरी' म्हणजे मुळात बिअर तयार करण्याची जागा. १८७०-७१ च्या युद्धानंतर आल्सास प्रांत जर्मनीकडे गेला. तेथील बरेच लोक पॅरिसला आले आणि त्यांनी आपल्या पद्धतीच्या ब्रासेरी चालवल्या. आंबवलेल्या कोबीचा पदार्थ ही त्यांची खासियत. रेस्टॉरंट बहुधा दुपारी व रात्री ठरावीक वेळीच जेवण देते. ब्रासेरीत ते दिवसभर मिळते.

'बिस्त्रो' ही लहान, घरगुती जागा. मालक बहुधा स्वतः गल्ल्यावर असतो. मोजकेच पदार्थ असतात आणि ते खडूने फळ्यावर लिहिलेले असतात. १८१४ साली पॅरिसमध्ये आलेले रशियन सैनिक "बिस्त्रो!", म्हणजे "लवकर!", असे ओरडत, त्यावरून हे नाव पडले, अशी एक गोष्ट सांगतात. गोष्ट गमतीची आहे. पण हा शब्द छापलेला आढळतो तो १८८० नंतरच. म्हणून अभ्यासक ती खरी मानत नाहीत.

कोणाला शक्ती हवी होती, कोणाला स्वस्त जेवण, तर कोणाला बसायला जागा. अशा गरजांतूनच ही सारी नावे जन्माला आली.